पत्र की बखर?

पेनसिल्व्हेनियात मुलांना शाळेत न घालता घरी शिकवायचं तर दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत आपल्या भागाच्या शिक्षण अधीक्षकांकडे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. १९८८चा कायदा आहे तसा. काय शिकवणार त्याची विषयवार रूपरेषा जोडायची, वर्षात १८० दिवस किंवा प्राथमिक वयाला ९०० आणि पुढच्या वयाला ९९० तास भरायचे, वाचलेल्या पुस्तकांची नोंद आणि मुलांच्या कामाचे नमुने फाइलीत ठेवायचे आणि वर्ष संपताना ती फाइल घेऊन, मुलाला घेऊन, प्रमाणित शिक्षकासमोर बसायचं. विषयांची यादी कायद्यातच दिली आहे. आगीपासून बचाव कसा करावा तेसुद्धा त्यात आहे. आणि ‘अमेरिकेचा व पेनसिल्व्हेनियाचा इतिहास’ आहे.

गणित-विज्ञानाची मला धास्ती नव्हती. अमेरिकेच्या इतिहासाची माझी शिदोरी मात्र वाईच्या शाळेत वाचलेल्या दोन-तीन पानांची: चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, वॉशिंग्टन जिंकला, लिंकनने गुलामगिरी संपवली. एवढ्या भांडवलावर तेरा वर्षांच्या मुलापुढे उभं राहणं कठीण. पण आम्ही चार घरांनी मिळून गट केला (इथे त्याला को-ऑप म्हणतात) आणि विषय वाटून घेतले, तेव्हा इतिहास घ्यायला कोणी पुढे येईना. शेजारणीचं घराणं इथलं सात-आठ पिढ्यांचं, तिने तर सरळ सांगितलं, “शाळेत मला सगळ्यात जास्त झोप त्याच तासाला यायची.” शेवटी मी घेतला. परकं असण्याचा एक फायदा असतो, काहीच गृहीत धरता येत नाही.

गटात सगळे मुलगेच निघाले, हा निव्वळ योगायोग. माझा थोरला तेरा वर्षांचा, धाकटा नऊ. शेजारणीचे दोघे भाऊ, दहा आणि आठ. एक गुजराती घरातला, बारा वर्षांचा, सनावळ्या तोंडपाठ करण्यात पटाईत. आणि एक अकरा वर्षांचा, कमी बोलणारा, कृष्णवर्णीय कुटुंबातला. त्याच्या आजीची आजी व्हर्जिनियातून फिलाडेल्फियाला आलेली. हे सहाजण गुरुवारी दुपारी आमच्या तळघरात जमायचे. आठ वर्षांच्याला फक्त तोफा हव्या असायच्या आणि तेरा वर्षांच्याला जगातलं सगळंच बालिश वाटायचं. यांच्यामध्ये कुठेतरी इतिहास बसवायचा होता.

सुरुवातीला बाजारात मिळणारं रंगीत वर्कबुक आणलं होतं. चकचकीत बकलांच्या टोप्या घातलेले पिलग्रिम (मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्रज वसाहतवाले), हसरे इंडियन (म्हणजे इथले मूळ रहिवासी), मध्ये टर्की. मुलांनी टर्कीला मिश्या काढल्या आणि प्रकरण संपलं. मग ग्रंथालयातून मोठ्यांची पुस्तकं आणून मी त्यातली मुलं शोधायला लागले. म्हणजे खरोखरची मुलं, दहा-बारा-चौदा वर्षांची. आणि ती सापडतात, भरपूर सापडतात.

१६०७मध्ये जेम्सटाउनला जी पहिली १०४ माणसं उतरली, त्यांत काही पोरंही होती. पुढच्याच वर्षी टॉमस सॅव्हेज नावाचा तेरा वर्षांचा मुलगा आला. कॅप्टन न्यूपोर्टने त्याला पोव्हाटन राजाच्या हवाली केलं आणि बदल्यात राजाने आपला नामॉनटॅक हा तरुण इंग्रजांकडे दिला. एकमेकांची भाषा शिकायला आणि एकमेकांची बित्तंबातमी काढायला. सॅव्हेज पुढे चांगला दुभाष्या झाला. हे सांगून झाल्यावर तळघरात पहिल्यांदा शांतता पसरली. मग दहा वर्षांच्याने विचारलं, “त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का?” आणि थोरल्याने, ज्याला सगळं बालिश वाटतं त्याने, विचारलं, “त्याला तिथलं जेवण आवडलं असेल का?”

त्याहून लाडके ठरले ते मेफ्लॉवरवरचे बिलिंग्टन बंधू. १६२०च्या डिसेंबरात, जहाज केप कॉडच्या आडोशाला उभं असताना, यांतल्या एकाने बापाची बंदूक केबिनमध्ये उडवली. जवळच बारुदीचं पिंप उघडं होतं. १०२ प्रवाशांना घेऊन आलेल्या त्या जहाजाच्या त्या दिवशी चिंधड्या उडायच्या राहिल्या. पुढच्या वर्षी दुसरा भाऊ रानात हरवला, रानफळं खाऊन पाच दिवस भटकला आणि शेवटी तिथल्या मूळ रहिवासी नॉसेट लोकांनी त्याला सांभाळून परत दिलं. त्यांचा बाप १६३०मध्ये खुनाच्या आरोपाखाली फासावर गेला. अशा घराण्यावर मुलगे जीव टाकतात. त्या नादात टिस्क्वांटमची गोष्टही त्यांनी नीट ऐकली: १६१४मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलेला, तिथून इंग्लंडमार्गे १६१९मध्ये घरी पोहोचला तर पॅटक्सेट हे त्याचं अख्खं गाव साथीत मेलेलं. पिलग्रिमांनी प्लिमथ वसवलं ते त्याच गावाच्या मोकळ्या शेतांवर. ‘हसऱ्या इंडियन’चं चित्र आपोआप गळून पडलं, मला त्यावर भाष्य करावं लागलं नाही.

पण गोष्टींचा एक धोका असतो. मुलांना गोष्ट आवडली की ती खरी वाटायला लागते, आणि अमेरिकेत या काळाभोवती गोष्टींचं रान माजलेलं आहे. यातून वाट काढून दिली ती माझ्या वडिलांनी. ते वाईत असतात, निवृत्त शिक्षक आहेत आणि नातवांशी रविवारी व्हिडिओवर बोलतात. धाकट्याने त्यांना बिलिंग्टनची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, “कशावरून?”

“म्हणजे?”

“म्हणजे हे कुणी लिहून ठेवलंय? तेव्हाच लिहिलं, की शंभर वर्षांनी? पत्र आहे की बखर?”

मग त्यांनी नातवांना इतिहासकार वि. का. राजवाडे यांची ओळख करून दिली. धोतर नेसलेला, तापट डोक्याचा एक माणूस गावोगाव, वाड्यावाड्यांत कागदांची दप्तरं शोधत हिंडतो. १८९८मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढतो. त्यात पानिपतच्या काळातली पत्रं असतात आणि ती वाईतच सापडलेली असतात. बखर सुरस असते, पण बहुतेकदा मागाहून, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली. पत्र कंटाळवाणं असतं, तेलामिठाचे हिशेब असतात त्यात, पण ते त्या दिवशीचं असतं. आणि पत्र लिहिणाराही खोटं बोलू शकतो, ही पुस्ती आजोबांनी जोडली.

पुढच्या गुरुवारी थोरल्याने हे बाकीच्यांना समजावून सांगितलं आणि आमच्या तळघरात ‘बखर’ हा शब्द रूढ झाला. आठ वर्षांचा आयरिश-इटालियन मुलगा पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून मोठ्याने ‘बखऽर!’ ओरडतो तेव्हा काय वाटतं, ते सांगता येणार नाही. बिलिंग्टनची परीक्षा घेतली तर ती गोष्ट पास झाली. प्लिमथच्या लोकांनी पहिल्याच वर्ष-दोन वर्षांत लिहून छापलेली आहे. १६२१च्या शरदातल्या मेजवानीबद्दल, जिला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, मात्र त्या लोकांच्या लिखाणात जेमतेम दोन छोटे उल्लेख आहेत. तीन दिवस, तिथल्या मूळ लोकांचा प्रमुख मॅसासॉइट आणि त्याची नव्वदेक माणसं, त्यांनी आणलेली पाच हरणं, बस्. बाकीचं सगळं साग्रसंगीत जेवण नंतरच्यांनी वाढलेलं. मुलांना याचं वाईट वाटलं नाही. त्यांना कुणालातरी पकडल्याचा आनंद झाला.

भिंतीवर आम्ही तपकिरी कागदाची लांब पट्टी लावली होती. वरच्या ओळीत इकडचं, खालच्या ओळीत आजोबांकडचं. १६३०: वर बॉस्टन वसलं, खाली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. १६७४ला रायगडावर राज्याभिषेक, १६७५ला वर न्यू इंग्लंडमध्ये मूळ रहिवाशांचा प्रमुख मेटाकॉम याचं इंग्रजांशी युद्ध. १६८०ला महाराज गेले, १६८१ला विल्यम पेनला हा आमचा प्रांत मिळाला. याला काही अर्थ आहे असा माझा दावा नाही. एका वर्षात दोन गोष्टी घडल्या म्हणून त्यांचं नातं लागत नाही. पण गुजराती मुलाला सनावळ्यांचं वेड होतं, त्याची सोय झाली. धाकट्याने मात्र एक दिवस मोक्याचा प्रश्न टाकला, तेव्हा इथे आपल्याकडचं कुणी होतं का? होतं. व्हर्जिनियात माणूस आणला की माणशी ५० एकर जमीन मिळे, म्हणून आणलेल्यांच्या याद्या ठेवल्या जात. त्यांतल्या १६३५च्या नोंदीत एक ‘टोनी, ईस्ट इंडियन’ आहे. एवढंच, पुढे-मागे काही नाही. धाकट्याने त्याचं नाव पट्टीच्या बरोबर मध्ये लिहिलं, दोन्ही ओळींवर पाय ठेवून.

आता १७३७. आम्ही राहतो ती बक्स काउंटी. इथून गाडीने थोड्याच अंतरावर राइट्सटाउन आहे, तिथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जुनी सभागृहाची इमारत आणि रस्त्याकडेला एक फलक. मी शिकवलेल्या सगळ्यांत या एका विषयाने मुलांना खऱ्या अर्थाने छळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विल्यम पेनने इथल्या लेनापे लोकांशी बऱ्यापैकी सचोटीने व्यवहार केला होता. त्याचे मुलगे कर्जात बुडालेले. त्यांनी १६८६चा म्हणून एक करार पुढे केला: माणूस दीड दिवसात जितकं चालेल तितकी जमीन पेनच्या घराण्याची. मूळ कागद नव्हताच, नक्कल होती. लेनापे सरदारांनी अखेर मान्य केलं. त्यांच्या हिशेबाने दीड दिवसाचं चालणं म्हणजे चाळीसेक मैल, वाटेत बसत, खात, चिलीम ओढत. पेनच्या माणसांनी आधीच रान तोडून वाट करून ठेवली आणि तीन कसलेले गडी निवडले. जो सगळ्यात लांब जाईल त्याला पाच पौंड आणि ५०० एकर कबूल केले. १९ सप्टेंबर १७३७च्या पहाटे राइट्सटाउनहून ते निघाले. सोबतचे लेनापे ‘अरे, हे पळणं आहे, चालणं नव्हे’ म्हणून कटकट करत मागे राहिले. तिघांपैकी दोघे वाटेत गळाले. एडवर्ड मार्शल तेवढा शेवटपर्यंत गेला, साठाहून जास्त मैल. मग शेवटच्या टोकापासून नदीकडे सरळ जवळची रेघ मारायची, तर ती ईशान्येकडे काटकोनात वळवली. दहा-बारा लाख एकर जमीन गेली. १७४२मध्ये लेनापेंना तिथून उठवलं.

मी हे आधी सांगितलं नाही. आधी अंगणात नेलं आणि सहाजणांचे दोन गट केले. करार असा: अंगणात ‘अ’ गटाचा एक मुलगा दहा सेकंदांत जितकं चालेल तितकं अंगण वर्षभर त्या गटाचं. दोन्ही गटांनी सह्या केल्या. थोरला ‘अ’ गटात होता. त्याने बूट घट्ट बांधले, धाकट्या भावाच्या सायकली वाटेतून हलवल्या आणि ‘चाला’ म्हणताच जे सुटला ते कुंपणाला जाऊन धडकला. आणि तिथून त्याने रेघ सरळ न मारता तिरकी मारली, बास्केटबॉलची रिंग आत येईल अशी! हे मी त्याला शिकवलं नव्हतं. पेनच्या मुलांनाही कुणी शिकवलं नसावं.

मग जे भांडण झालं ते तळघरात गेल्यावरही थांबेना. ‘चालणं’ म्हणजे काय, ते करारात लिहिलं होतं का? नव्हतं. मग पळाला तर बिघडलं कुठे? मी राइट्सटाउनची हकिकत सांगितली. मला वाटलं होतं की सगळे हळहळतील. तसं झालं नाही. ‘अ’ गटातले तिघे पेनच्या मुलांवर खूश होते. “हुशार होते,” थोरला म्हणाला. आठ वर्षांचा तर मार्शलला टाळ्या वाजवत होता. एखादी नीतिकथा सांगण्याचा मोह मला झाला, तो मी आवरला आणि फक्त म्हटलं, “अंगण वर्षभर यांचं, सही आहे तुमची.”

दुसऱ्या गुरुवारी ‘ब’ गटाने कागद आणला. सह्या केल्या तेव्हा करारावर तारीख नव्हती, मोजणी कोण करणार ते लिहिलेलं नव्हतं, मूळ प्रत माझ्याकडे आणि त्यांच्याकडे नक्कलही नाही, अशी आठ कलमं त्या अकरा वर्षांच्या अबोल मुलाने लिहून काढली होती. बारा वर्षांच्याने पुस्ती जोडली होती: मूळ कागद नसेल तर करारही बखरच. ‘अ’ गटाकडे उत्तर नव्हतं, तरी अंगण सोडायला ते तयार नव्हते. “आता आमचं आहे,” एवढाच त्यांचा मुद्दा. तेव्हा मी त्यांना सांगितलं, लेनापेंच्या वंशजांनी २००४मध्ये याच जमिनीतल्या एका तुकड्यासाठी फेडरल कोर्टात दावा लावला, फसवणूक झाली हे कोर्टाने धरून चाललं, तरी दावा फेटाळला गेला आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घ्यायला नकार दिला. आज ते लोक ओक्लाहोमात, विस्कॉन्सिनमध्ये, कॅनडातल्या ओंटारिओत आहेत. थोरला बराच वेळ गप्प होता. अंगण त्याने परत केलं ते आठवडाभराने, आणि तेही रिंगचा भाग वगळून.

पट्टीवर १७३७च्या खाली आजोबांनी लिहायला लावलं: मार्चमध्ये पहिला बाजीराव मजल दरमजल दिल्लीवर धडकला. “त्या वर्षी सगळेच पळत होते,” धाकटा म्हणाला.

क्रांतीचा काळ मुलांना मुळातच आवडतो, तिथे ओढून आणावं लागत नाही. ५ मार्च १७७०च्या बॉस्टनच्या गोळीबारावर आम्ही कोर्ट भरवलं. आधी पॉल रेव्हिअरने छापलेलं प्रसिद्ध चित्र दाखवलं: ओळीत उभे राहून हसत गोळ्या झाडणारे लाल डगलेवाले, मागे तलवार उंचावणारा कप्तान, निरागस नागरिक. मग साक्षीदारांच्या जबान्यांतले तुकडे वाचले: रात्र, बर्फ, गर्दी, सोटे, फेकलेले बर्फाचे गोळे, ‘फायर’ कोण ओरडलं याचा कुणालाच पत्ता नाही. चित्रात सोजिरांच्या मागच्या इमारतीला ‘बुचर्स हॉल’ अशी पाटी आहे, ती रेव्हिअरच्या पदरची. चित्रसुद्धा त्याने हेन्री पेलहॅमचं उचललं होतं. सहाही मुलांनी एकमुखाने निकाल दिला: बखर. सोजिरांचं वकीलपत्र जॉन अॅडम्सने घेतलं, जो पुढे अध्यक्ष झाला; आठांपैकी सहा सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. हा डाग द्यायचा भाग मला तीनदा सांगावा लागला. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. गोळीबाराच्या दहा-अकरा दिवस आधी ख्रिस्टोफर सायडर नावाचा अकराएक वर्षांचा मुलगा, दगडफेक करणाऱ्या घोळक्यात असताना, गोळी लागून मेला होता. त्याच्या अंत्ययात्रेला अख्खं बॉस्टन लोटलं. माझ्यासमोर त्याच वयाची पोरं बसली होती. तो प्रसंग मी एकदाच वाचला आणि पुढे गेले.

चहाच्या बाबतीत मुलांचा गोंधळ मला मोलाचा वाटला. १७७३च्या कायद्याने चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला! मग फेकला का? दंगा स्वस्ताईवर कसा होईल? इथे ईस्ट इंडिया कंपनी आणावी लागते: बंगालच्या दुष्काळानंतर डबघाईला आलेली, गोदामांत न खपलेला चिनी चहा, सरकारने दिलेला मक्ता, आणि त्या स्वस्त चहावरही लंडनने बसवलेली जकात, जी इथल्यांना न विचारता बसवली होती. शिवाय चोरट्या चहावर जगणाऱ्या बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पोटावर आलेला पाय. चहा आसामचा होता अशी थोरल्याची खात्री होती. आसामात चहाचे मळे यायला अजून साठ वर्षं होती. १६ डिसेंबरला ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. आजोबांनी सन ऐकताच म्हटलं, “त्याच ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला.” इथे मात्र पट्टीवरच्या दोन ओळी नुसत्या शेजारी नव्हत्या, एकाच कंपनीने बांधलेल्या होत्या. नारायणरावांच्या खुनातून राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५ला इकडे लेक्सिंग्टनला क्रांतीची पहिली गोळी सुटली तेव्हा तिकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलेलं. १७७९ला वडगावला इंग्रजी फौज मराठ्यांपुढे नमली. १७८१ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला. १७८२ला सालबाईचा तह. आणि तोच कॉर्नवॉलिस १७८६ला गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात हजर, १७९१ला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या बरोबरीने टिपूवर चालून जाणारा! “म्हणजे आपण त्याच्या बाजूने होतो?” धाकट्याने विचारलं. “कोण आपण?” थोरला म्हणाला. त्या दोघांचं यावर अजून एकमत नाही.

डेलावेअर नदी आमच्या दारातच. १७७६च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने ती ओलांडली त्या घाटावर दर नाताळात लोक वेष करून होड्या नेतात. तिथे जाऊन आलो. घरी आल्यावर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनचं १८५१चं ते भव्य चित्र काढलं आणि चुका शोधायला लावल्या. झेंडा तर जून १७७७मध्ये ठरला, मग सहा महिने आधी होडीत कसा? होड्या वल्हवणारे मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेडचे कोळी होते, हे कळल्यावर वॉशिंग्टनपेक्षा त्यांचा भाव वधारला.

व्हॅली फोर्जचा, म्हणजे वॉशिंग्टनच्या सैन्याच्या हिवाळी तळाचा, धडा स्वयंपाकघरात झाला. जोसेफ प्लम मार्टिन पंधराव्या वर्षी सैन्यात गेला आणि म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. १७७७च्या हिवाळ्यात काँग्रेसने थँक्सगिव्हिंगचा दिवस जाहीर केला आणि उपाशी सैन्याला वाढण्यात आलं अर्धं गिल तांदूळ आणि चमचाभर व्हिनेगर. अर्धं गिल म्हणजे चार मोठे चमचे. तेवढा भात शिजवून व्हिनेगर घालून मी सगळ्यांपुढे ठेवला. शेजारणीच्या मुलांनी तोंडं वाकडी करून खाल्ला. थोरल्याने शांतपणे फडताळातून मेतकूट काढलं.

गुलामगिरी कशी शिकवायची यावर मी वर्षाच्या सुरुवातीलाच त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या आईशी बोलले होते. तिने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, त्याच्या माणसांची ओळख बेड्यांपासून करून देऊ नकोस. दोन, बाकी काय हवं ते नाटक करा, पण विकणं-विकत घेणं, मालक-गुलाम असलं सोंग मुलांकडून कधीही करवू नकोस. दोन्ही मी काटेकोर पाळल्या आणि आता कुणीही विचारलं तर हेच सांगते.

म्हणून आम्ही जेम्स फोर्टेनपासून निघालो. फिलाडेल्फियाचा, जन्माने स्वतंत्र, पंधराच्या आत-बाहेर वय, १७८१मध्ये ‘रॉयल लुइस’ जहाजावर तोफांना बारूद पुरवणारा पोरगा. इंग्रजांनी जहाज पकडलं. काळा मुलगा म्हणजे वेस्ट इंडीजला विकला जायची भीती. पण त्याची इंग्रज कप्तानाच्या मुलाशी गट्टी जमली, गोट्या खेळताना. कप्तानाने त्याला इंग्लंडला न्यायची, शिकवायची तयारी दाखवली. फोर्टेन म्हणाला, मी माझ्या देशाचा गद्दार होणार नाही. आणि न्यूयॉर्कजवळ नांगरलेल्या ‘जर्सी’ या कैद्यांच्या जहाजावर गेला, जिथे माणसं माश्यांसारखी मरत होती. तिथून वाचला, चालत घरी आला, पुढे शिडं बनवणारा श्रीमंत कारखानदार झाला आणि तो पैसा गुलामगिरीविरुद्ध लढ्यात ओतला. अबोल मुलगा त्या दिवशी एकच बोलला: “गोट्यांत तो जिंकला असणार.”

मग आम्ही फिलाडेल्फियाला गेलो. लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा ठेवली आहे त्या इमारतीच्या दाराशीच, जिथे वॉशिंग्टन अध्यक्ष असताना राहायचा त्या घराच्या जागेवर, त्याने तिथे ठेवलेल्या नऊ गुलामांची नावं भिंतीत कोरलेली आहेत. पेनसिल्व्हेनियाचा १७८०चा कायदा असा की बाहेरच्या मालकाने गुलाम इथे सलग सहा महिने ठेवला तर तो स्वतंत्र होऊ शकतो. वॉशिंग्टन काय करायचा? सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. गुजराती मुलाने लगेच तारखांचा हिशेब मांडला. “कशावरून?” धाकट्याने सवयीने विचारलं. तेव्हा मी पत्र काढलं. १७९१च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनने आपल्या सचिवाला, टोबायस लिअरला लिहिलेलं: हे अशा काही निमित्ताने करा की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही.

मुलांना सगळ्यांना ती चेरीच्या झाडाची गोष्ट माहीत होती, ‘बाबा, मी खोटं बोलू शकत नाही’वाली. ती वीम्स नावाच्या पुस्तकं विकत फिरणाऱ्या पाद्र्याने वॉशिंग्टन मेल्यावर रचून १८०६च्या सुमारास आपल्या पुस्तकात घातली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हे त्याच्या स्वतःच्या हातचं. मी दोन्ही टेबलावर ठेवली आणि चहा करायला वर गेले. खरंच गेले, त्या वेळी आपण तिथे नसलेलं बरं. खाली आले तेव्हा वाद टिपेला होता. दहा वर्षांच्याचं म्हणणं, डेलावेअर ओलांडली ते खरं की नाही? खरं. मग तो चांगला. थोरल्याचं म्हणणं, दोन्ही खरं. अबोल मुलाने भिंतीवरच्या नऊपैकी दोन नावं वहीत लिहून आणली होती, ओना जज आणि हर्क्युलिस. एक १७९६मध्ये पळाली, दुसरा १७९७मध्ये. त्याने ती पट्टीवर वॉशिंग्टनच्या वर लिहिली. कुणी हरकत घेतली नाही.

वर्षअखेर मूल्यमापन करणाऱ्या बाई आल्या. फाइल चाळली, व्हिनेगरच्या भाताचा फोटो पाहून हसल्या, थोरल्याला आठवीच्या वर्षाची प्रमाणित चाचणी विचारली. धाकट्याला म्हणाल्या, काय आवडलं? त्याने बिलिंग्टनच्या बंदुकीपासून सुरुवात केली आणि त्या बाईंना घड्याळ पाहावं लागलं. सही मिळाली.

या वर्षी संविधान घेतलंय. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी, र्‍होड आयलंड गैरहजर, गुप्तता राहावी म्हणून खिडक्या बंद. आमच्याही तळघराच्या खिडक्या मुलांनी बंद केल्या, पंखासुद्धा बंद करायला लावला. प्रत्येकाला दोन-दोन राज्यं. मोठी राज्यं विरुद्ध छोटी राज्यं हा तंटा त्यांनी दीड तास मनापासून घातला. गुलामांची मोजणी तीन-पंचमांश धरायचं कलम मात्र ठरल्याप्रमाणे आम्ही सोंग करून नाही, बसून वाचलं. शेवटी सह्यांची वेळ आली. मोठा कागद, पिसाचं पेन, थोरल्याने फार हौसेने शाई आणलेली. अकरा वर्षांचा, आता बारा झालेला, म्हणाला, मी सही करणार नाही.

“करायलाच हवी, पेनसिल्व्हेनिया तुझ्याकडे आहे!” आठ वर्षांचा रडकुंडीला आला.

“तिघांनी केली नव्हती. मेसन, रँडॉल्फ, गेरी.”

“मेसनकडे स्वतःकडे गुलाम होते,” गुजराती मुलगा म्हणाला. “त्याचं कारण वेगळं होतं.”

“मग माझं कारण वेगळं लिहा.”

त्याने ते स्वतःच लिहिलं, पाऊण पान. त्या गुरुवारच्या नोंदीत मी एवढंच टाकलं आहे: विषय नागरिकशास्त्र व इतिहास, तीन तास, सह्या पाच, नकार एक, कारण सोबत जोडलं आहे.